सत्कार उरकला, आता सिनेमा कोण बघणार?

फिल्म सोसायटीनं परदेशी दिग्दर्शकाचा सत्कार करावा का, असं विचारलं की लोक आधी दचकतातच. करावा का म्हणजे काय? दारात आलेल्या कुणालाही आपण पाणी विचारतो, आणि हा तर कान-बर्लिनचे महोत्सव गाजवून आलेला माणूस, त्याला साधी शाल पण द्यायची नाही? द्या की. शाल द्या, नारळ द्या, हौस असेल तर फेटाही बांधा, फक्त त्यात दहा मिनिटांच्या वर वेळ घालवू नका, आणि त्याचा एकही सिनेमा त्याआधी सभासदांना दाखवलेला नसेल तर मात्र यातलं काहीच करू नका. माझं म्हणणं एवढंच आहे. सिनेमा बघायचा आणि मग त्यावर तावातावानं बोलायचं, यासाठी फिल्म सोसायटी नावाची गोष्ट निघाली. सत्कार करायला गावात गणेश मंडळं आहेत, नगरसेवक आहेत, ज्ञातिसंस्था आहेत, ते आपल्यापेक्षा जास्त चांगला करतात आणि वर जेवणही देतात.

हे इतकं चिडून लिहायचं कारण म्हणजे अशा संध्याकाळी मी पुष्कळ बसून काढल्यात आणि त्या सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात. पत्रिकेवर सहाची वेळ. पावणेसातला प्रमुख पाहुणे येतात, आणि हे प्रमुख पाहुणे म्हणजे तो दिग्दर्शक नव्हे बरं का, तो बिचारा साडेपाचपासून येऊन कोपऱ्यात चहाचा कप धरून उभा असतो, प्रमुख पाहुणे म्हणजे ज्यांनी हॉलचं भाडं भरलंय ते. मग समई. एसीचा झोत नेमका समईवर, त्यामुळे वात लागते आणि विझते, कोणीतरी हाताचा आडोसा धरतं, फोटोग्राफर म्हणतो सर एकदा परत, आणि ज्या माणसानं आयुष्यभर लाइटिंगचा विचार केला तो हातात मेणबत्ती धरून आज्ञाधारकपणे परत एकदा वाकतो. मग संस्थेच्या स्थापनेपासूनची वाटचाल. मग परिचय, जो आदल्या रात्री विकिपीडियावरून उतरवलेला असतो आणि ज्यात सिनेमांपेक्षा पुरस्कारांची नावं जास्त. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, आणि एका हातात पुष्पगुच्छ आणि दुसऱ्यात नारळ असताना स्मृतिचिन्ह कशानं घ्यायचं हा प्रश्न त्या पाहुण्याला पडलेला सगळ्या सभागृहाला दिसतो. एका बाईंना मी तो नारळ मांडीवर धरून उरलेला सगळा कार्यक्रम काढताना बघितलंय, खाली ठेवला तर अपमान होईल की काय अशी त्यांना भीती वाटली असणार.

नंतर अध्यक्षीय भाषण होतं, पाहुणा पाच मिनिटं आभार मानतो, आणि मग निवेदिका म्हणते की वेळेअभावी आपण दोनच प्रश्न घेऊया. पहिला प्रश्न प्रश्न नसतो. एक ज्येष्ठ सभासद उभे राहून तुमचा अमुक सिनेमा आम्ही सोळा एमएमवर बघितला होता, तेव्हा मशीन मध्येच बंद पडलं होतं, इथपासून सुरू करतात आणि माइक काढून घेईपर्यंत थांबत नाहीत. दुसरा प्रश्न ठरलेला, भारतीय सिनेमाबद्दल आपलं मत काय? त्याचंही उत्तर ठरलेलं, सत्यजित राय. टाळ्या. साडेआठला सिनेमा सुरू होतो तेव्हा निम्मा हॉल रिकामा, कारण कल्याणची गाडी. पडद्यावर माणसं उभी ताणलेली, कारण प्रोजेक्टरचं सेटिंग कालच्या कुणाच्या तरी प्रेझेंटेशनचं राहिलंय, सबटायटलची खालची ओळ पडद्याबाहेर. दिग्दर्शक मागच्या भिंतीला टेकून उभा असतो, जगभरचे दिग्दर्शक आपला सिनेमा कसा दिसतोय ते बघायला असेच मागे उभे राहतात, आणि पाच मिनिटांनी तो बाहेर पॅसेजमध्ये निघून जातो.

आता याला कुणी म्हणेल की अहो गैरव्यवस्था सगळीकडेच असते, त्यात सत्काराचा काय दोष? मला वाटतं दोष त्याचाच आहे. संध्याकाळीला तास तीनच असतात. कार्यकर्ते पाच-सहा, आणि त्यांचा आठवडा शाल आणायला, बॅनर छापायला, मानपत्राचं इंग्रजी तपासून घ्यायला जातो. दुपारी हॉलवर जाऊन सिनेमाची दहा मिनिटं लावून बघायला माणूसच उरत नाही. जे महत्त्वाचं मानलं त्याला वेळ मिळाला, दुसरं काय.

मुळात ही चळवळ कशी सुरू झाली ते बघा. 1947 साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता वगैरे मंडळींनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, पहिला सिनेमा दाखवला तो रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेम्किन'. पैसे नव्हते, जागा नव्हती, लोकांच्या दिवाणखान्यात बसायचे, आणि सिनेमावाले लोक घरात आले तर घराचं पावित्र्य जातं म्हणून एका घरमालकानं त्यांना बाहेर काढल्याचीही गोष्ट आहे. 1959 मध्ये देशभरच्या सोसायट्यांचं फेडरेशन झालं, राय त्याचे अध्यक्ष. आपल्याकडे दादरला प्रभात चित्र मंडळ 1968 मध्ये सुरू झालं, सुधीर नांदगावकरांसारख्या माणसानं त्यात आयुष्य घातलं. सिनेमे मिळायचे ते वकिलातींकडून, मॅक्सम्युलर भवनातून, आलियाँस फ्रान्सेजमधून, पुण्याच्या फिल्म अर्काइव्हजमधून. सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरमधून सवलत होती, त्यामुळे एका काळात न कापलेले सिनेमे बघायला मिळतात या एकाच आशेनं सभासद झालेली मंडळीही भरपूर होती, आणि गंमत म्हणजे त्यातली काही हळूहळू खरोखर सिनेमाची झाली. पण या सगळ्या खटपटीत मध्यभागी पडदा होता, स्टेज नव्हतं.

आणि परदेशी पाहुणा आल्यावर काय होऊ शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरणही याच कलकत्त्याचं आहे. 1949 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार आपल्या 'द रिव्हर' या सिनेमासाठी लोकेशन बघायला आला. राय तेव्हा जाहिरात कंपनीत चित्रं काढायचे, वय अठ्ठावीसच्या आसपास. ते सरळ ग्रेट ईस्टर्न हॉटेलात जाऊन त्याला भेटले, सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर कलकत्त्याबाहेर लोकेशन बघत हिंडले, तो कशाकडे बघतो, कशापाशी थांबतो ते बघत राहिले. सोसायटीनंही त्याला बोलावलं, प्रश्न विचारले. नंतर रायनी या सगळ्यावर एक लेख लिहिला, तो 1950 मध्ये इंग्लंडच्या 'सीक्वेन्स' मासिकात छापून आला. त्या लेखातला रेन्वार उत्सवमूर्ती नाहीये, तो एक कामातला माणूस आहे, चालताना बोलणारा, झाडाझुडपांकडे, झोपड्यांकडे बघून खुश होणारा.

पण मला त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. रेन्वारच्या युनिटमध्ये बन्सी चंद्रगुप्ता आर्ट डिपार्टमेंटला लागले, हरिसाधन दासगुप्ता मदतनीस झाले, आणि सुब्रत मित्र नावाचा एक कॉलेजातला मुलगा, ज्याला काम काही मिळालं नाही, पण शूटिंग बघायला येऊ दिलं. तो रोज यायचा आणि वहीत उतरवायचा, लाइट कुठे, कॅमेरा कुठे, नट कुठून कुठे गेला. कॅमेरामन होता क्लोद रेन्वार, ज्याँचा पुतण्या, आणि असं सांगतात की लाइटची कंटिन्युटी तपासायला त्यानंच या मुलाची वही मागून घेतली होती. याच सुब्रत मित्रनं, आधी मूव्ही कॅमेरा हातात धरलेला नसताना, रायचा 'पथेर पांचाली' शूट केला. पुढे 'अपराजितो'च्या वेळी बनारसच्या वाड्याचं अंगण स्टुडिओत उभं करायचं होतं, वरून येणारा तो मऊ, सावली न पाडणारा उजेड स्टुडिओच्या दिव्यांनी येईना, तेव्हा बन्सी आणि सुब्रतनं वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्याच्यावर मारून उजेड खाली परतवला. बाऊन्स लाइटिंग म्हणून आज कुठल्याही शूटला थर्मोकोल धरून उभा असलेला पोरगा जे करतो ना, त्याचा आपल्याकडचा एक जुना पत्ता हा आहे. रेन्वारनं हे शिकवलं असं मी म्हणत नाही. त्यानं दार उघडं ठेवलं आणि कलकत्त्याची ही मुलं आत जाऊन बसली, एवढंच.

त्या पाहुण्याला कलकत्त्यात किती हार पडले, कुणी मानपत्र दिलं का, याची आज कुणाला आठवण आहे? कुणालाच पडलेलं नाही ते.

लगेच ऐकू येणारा आक्षेप मला माहितीये. हे सगळं गोऱ्या माणसाचं कौतुक झालं, आपल्या दिग्दर्शकांचं काय, भाऊराव कऱ्हाडेला बोलवा की, नागराजला बोलवा. बोलवाच. पण हा आक्षेप खरं तर माझ्या बाजूचा आहे, कारण परदेशी माणसाला मखरात बसवणं हाच न्यूनगंड, आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून तुझा तिसरा सिनेमा मला पटला नाही, का ते सांगतो, असं म्हणणं हा बरोबरीचा व्यवहार. राय रेन्वारला भेटले ते बरोबरीनं नव्हे, वयानं आणि कामानं ते फारच लहान होते, पण त्यांनी त्याचे सिनेमे बघितलेले होते आणि त्यांच्याकडे विचारायला प्रश्न होते. एवढी तयारी असली की गोरा-काळा आपोआप बाजूला पडतं.

दुसरी एक अडचण आहे, तिच्याबद्दल सोसायटीवाले खासगीत बोलतात, जाहीर नाही. पाहुण्याचं तिकीट बहुतेक वेळा त्याच्या देशाची वकिलात किंवा सांस्कृतिक केंद्र काढतं. सोसायटीची ऐपत नसते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पहिल्या रांगेत कॉन्सुल बसलेला असला की कार्यक्रमाला एक सरकारी गोडवा येतो. हे जुनंच आहे. 1951 च्या सुमारास सोव्हिएत युनियनमधून दिग्दर्शक पुदोव्हकिन आणि नट चेर्कासोव्ह येऊन गेले, 1952 ला मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला तर अमेरिकेनं हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रँक काप्राला पाठवलं, म्हणजे पाहुणे यायचे ते थोडेफार दूत म्हणूनच. चांगले सिनेमे त्यातूनच आले हेही खरं, त्याच महोत्सवात 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'राशोमोन' इथल्या लोकांनी पडद्यावर बघितले आणि आपल्या सिनेमावाल्यांची झोप उडाली. तेव्हा वकिलातीचे पैसे घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण पैसे त्यांचे म्हणून प्रश्नही त्यांच्या सोयीचे, हे कशाला?

आपल्याला पाहुणा गोड बोलणारा लागतो, ही खरी गोम आहे. फ्रेंच दिग्दर्शक लुई मालचं उदाहरण घ्या. 1967 च्या शेवटी तो फ्रेंच सिनेमांचा एक संच घेऊन दिल्ली, कलकत्ता, मद्रास, मुंबई असा फिरला, म्हणजे अगदी आपल्या या विषयातला पाहुणा. देश बघून तो चक्रावला आणि पुढच्याच वर्षी दोन सहकारी, एक कॅमेरामन आणि एक साउंडवाला, एवढेच घेऊन परत आला आणि महिनोन्महिने शूट करत राहिला. त्यातून 'कलकत्ता' हा सिनेमा आणि 'फँटम इंडिया' ही सात भागांची मालिका झाली. 1970 ला बीबीसीनं ती दाखवायला सुरुवात केली आणि आपल्या सरकारचा पारा चढला, गरिबीच दाखवली म्हणून, आणि प्रकरण बीबीसीचं दिल्लीतलं ऑफिस बंद करण्यापर्यंत गेलं. मालिका मला सगळी पटते असं नाही. मालची काही विधानं वरवरची आहेत, कधीकधी तो आपल्यालाच गोंधळलेलं दाखवण्यात जास्त रमतो. पण ती मालिका लावून, तिच्यावर दोन तास कडाडून चर्चा करायची, हे काम कुणाचं होतं? फिल्म सोसायट्यांचंच ना.

आणि हे पन्नास वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून द्यावं तर 2022 च्या नोव्हेंबरात गोव्यात काय झालं? इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या समारोपात ज्युरीचा प्रमुख, इस्रायली दिग्दर्शक नादाव लापिद, यानं व्यासपीठावरूनच सांगितलं की स्पर्धेतला 'द काश्मीर फाइल्स' आम्हाला प्रचारपट वाटला. तो सिनेमा चांगला की वाईट हा वाद इथे नको, त्यावर लोकांनी भरपूर रक्त आटवलंय. ज्युरीतल्या भारतीय सदस्यानं हे लापिदचं वैयक्तिक मत म्हणून हात झटकले, बाकीच्या तीन परदेशी सदस्यांनी नंतर त्याची बाजू घेतली. मला लक्षात राहिलं ते इस्रायली राजदूताचं उघड पत्र. त्यात त्यांनी भारतीय संस्कृतीत पाहुण्याला देव मानतात याची आठवण करून देऊन लापिदला झापलं, या आमंत्रणाचा, या पाहुणचाराचा तू गैरवापर केलास म्हणून. म्हणजे बघा, सिनेमाबद्दल मत द्यायलाच ज्याला बोलावलं, त्यानं मत दिलं तर तो पाहुणचाराचा अपमान. 'अतिथी देवो भव'मधला देव हा बोलणारा नसावा, मूर्तीतलाच असावा, अशी आपली आणि आता परराष्ट्रांचीही अपेक्षा दिसते. मत चुकीचं वाटलं तर उभं राहून तसं सांगायची सोय त्या समारोपात नव्हती, कारण समारोपाला प्रश्नोत्तरं नसतात, तिथे फक्त ट्रॉफ्या असतात. एखाद्या साध्या सोसायटीच्या हॉलमध्ये तोच माणूस तेच बोलला असता तर रात्री अकरापर्यंत जुंपली असती आणि तेच बरं झालं असतं.

सन्मान या गोष्टीलाच माझा विरोध आहे असं समजू नका. केरळचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, इफ्फ्क, बघा. 2022 ला त्यांनी इराणची दिग्दर्शिका महनाझ मोहम्मदीला 'स्पिरिट ऑफ सिनेमा' पुरस्कार दिला. तिला देशाबाहेर पडायला बंदी, म्हणून तिनं आपल्या केसांची बट कापून पाठवली आणि ग्रीक दिग्दर्शिका अथिना राखेल त्संगारीनं ती व्यासपीठावर सगळ्यांना दाखवली. इराणात त्या वेळी हिजाबसक्तीविरुद्ध बायका केस मोकळे सोडून रस्त्यावर उतरलेल्या होत्या. असा सन्मान करायला यजमानालाही थोडी छाती लागते. त्याआधी 2021 मध्ये त्याच महोत्सवानं फ्रेंच-स्विस दिग्दर्शक ज्याँ-ल्यूक गोदारला जीवनगौरव दिला. गोदार नव्वदीतला, करोनाचा काळ, तो आपल्या स्वित्झर्लंडच्या घरी खुर्चीत सिगार ओढत बसलेला, आणि समोर व्हिडिओवर सी. एस. वेंकिटेश्वरन, ज्यांनी गोदार नीट बघितलाय आणि वाचलाय असा माणूस. दोघं बोलत राहिले. जगभरच्या सिनेमावेड्यांनी ते बघितलं. विमानाचं तिकीट नाही, हॉटेल नाही, समई नाही, तरीही. तालुक्याच्या गावातली सोसायटीसुद्धा हे करू शकते, फक्त तो समोर बसणारा तयारीचा माणूस पाहिजे, आणि तो आपल्याकडे निवेदनासाठी शोधला जातो, आवाज बरा आहे म्हणून.

केरळाचा विषय निघालाच आहे तर भाषेचंही बोलतो, कारण माझ्या मते आपलं सगळ्यात मोठं घोडं तिथे पेंड खातं. आपल्या अशा संध्याकाळी अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत चालतात. पाहुणा पोलिश किंवा इराणी, त्याचं इंग्रजी अडखळतं, आपल्या निवेदिकेचं इंग्रजी पाठ केलेलं, आणि सभागृहात मागे बसलेली परभणी-साताऱ्याहून पुण्यात शिकायला आलेली मुलं गप्प. त्यांना प्रश्न नसतात असं नाही, कार्यक्रमानंतर टपरीवर चहा पिताना ऐका, असले प्रश्न निघतात की दिग्दर्शकानं वही काढावी. इतका लांब शॉट ठेवताना कापायची इच्छा कधी झाली, आई मेल्यावरचा सीन दाखवलाच नाही तो शूट केला होता का, पैसे संपले म्हणून की मुद्दाम? पण हे इंग्रजीत उभं राहून विचारायची हिंमत होत नाही. एक दुभाषी ठेवा की. शालीच्या आणि स्मृतिचिन्हाच्या पैशात येतो. निवेदिकेनं सुरुवातीलाच सांगावं, प्रश्न मराठीत विचारा, आम्ही सांगू त्यांना. मल्याळममध्ये एमसोन म्हणून हौशी लोकांचा गट वर्षानुवर्षं जगातल्या सिनेमांची सबटायटलं मल्याळममध्ये करतोय, फुकट. मराठीत त्या तोलाचं काही उभं राहिलेलं मला दिसत नाही, आणि आपण मात्र मराठी माणूस जागतिक सिनेमा बघत नाही म्हणून परिसंवाद भरवतो.

सिनेमे आधी दाखवायचे म्हणजे काय, ते 2025 च्या फेब्रुवारीत बघायला मिळालं. जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सला भारतात आणलं, मुंबई, पुणे, तिरुवनंतपुरम, कोलकाता, दिल्ली, आणि त्याच्याबरोबर त्याचे अठरा सिनेमे, रिस्टोअर केलेले, मोठ्या पडद्यावर. आता एवढी ताकद सगळ्यांकडे नसते, मान्य. पण त्यातलं तत्त्व घ्यायला काही खर्च नाही. अठरा जमत नसतील तर तीन दाखवा, पाहुणा यायच्या आधीच्या महिन्यात, दर शनिवारी एक, आणि प्रत्येक खेळानंतर अर्धा तास बसा. मग तो समोर येईल तेव्हा हॉलमधल्या चाळीस लोकांना तरी त्याच्याशी काय बोलायचं ते माहीत असेल. अशा चाळीस लोकांसमोर बोलायला दिग्दर्शकांना आवडतं हो. त्यांना रोज कुठल्या ना कुठल्या शहरात ट्रॉफी मिळत असते, ती ते एअरपोर्टवर वजनाला जड म्हणून शिव्या घालत नेतात.

आणि दुसऱ्या बाजूनंही काहीतरी द्या ना त्याला. भारतीय सिनेमाबद्दल मत विचारण्यापेक्षा त्याला एक सिनेमा दाखवा आणि त्या सिनेमाबद्दल विचारा. पुण्यात तर निमित्त शोधायची गरजच नाही, एफटीआयआय उभं आहे तेच मुळी प्रभात स्टुडिओच्या जागेवर. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात ज्याचा गौरव झाला तो 'संत तुकाराम' इथेच तयार झाला. सकाळी पाहुण्याला तो सबटायटलसकट दाखवा, तुकाराम आणि आवलीमधली ती रोजची भांडणं बघू द्या, आणि संध्याकाळी विचारा की बाबा, वैकुंठाचं विमान बघताना तुला हसू आलं की नाही? आलं असेल तर ते का, नसेल तर ते का. यातून जे बोलणं निघेल ते सत्यजित रायच्या नावाच्या पलीकडे तरी जाईल. तो काय ते खरं बोलेल, कदाचित आपल्याला लागेल असंही बोलेल.

सोसायटी चालवणाऱ्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. सभासद वर्गणीत काही भागत नाही. मोबाइलवर सगळं मिळत असताना माणसं खुर्चीपर्यंत आणायची कशी हा रोजचा प्रश्न. पेपरात फोटो येतो तो सत्काराचा, प्रश्नोत्तरांचा नाही, आणि फोटो आला की पुढच्या वर्षीचा स्पॉन्सर मिळतो. स्पॉन्सरला स्टेज लागतं. ठीक आहे, मग त्याचा वेगळा कार्यक्रम करा, सकाळी अकराला हॉटेलात, पत्रकारांना बोलवा, तिथे समई लावा, शाल घाला, हवे तेवढे फोटो काढा. संध्याकाळी हॉलमध्ये मात्र दोन खुर्च्या, दोन माइक, एक दुभाषी. दुपारी तीनला दिग्दर्शकाला प्रोजेक्शन दाखवून घ्या, तो म्हणेल आवाज कमी करा, कमी करा.

आणि ते पहिल्या दोन रांगांवरचे राखीवचे कागद काढा. त्या रांगा समई विझली की रिकाम्या होतात आणि सिनेमाभर तशाच राहतात, आणि ज्यांना खरंच बघायचंय ती पोरं मागे दाराशी उभी असतात, कारण स्वयंसेवक सांगतो की पुढे मान्यवर यायचेत.